नळदुर्गचा पूल, इरावतीचे पात्र आणि न पडलेली ठिणगी

१३ सप्टेंबर १९४८. सोलापूरकडून निघालेले भारतीय सैन्य निजामाच्या हद्दीत शिरले. ‘पोलीस ॲक्शन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कारवाईचा हा पहिला दिवस. आजच्या तुळजापूर तालुक्यात त्या एका दिवशी दोन ठिकाणी लढाई झाली. एक नळदुर्गला, दुसरी खुद्द तुळजापुरात.

नळदुर्ग म्हटले की डोळ्यांपुढे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा पाणीमहाल आणि नर-मादी धबधबे उभे राहतात. त्या दिवशी सैन्याच्या नकाशावर मात्र किल्ल्यापेक्षा मोलाची वस्तू दुसरीच होती: बोरी नदीवरचा पूल. महिना सप्टेंबरचा, नद्या भरलेल्या, आणि येणारे सैन्य सगळे चाकांवर व पट्ट्यांवर. घोडदळाला उतार सापडतो. रणगाड्याला आणि दारूगोळ्याच्या लॉरीला पूल लागतो.

सातव्या ब्रिगेडने वेग आणि अचानकपणा यांच्या बळावर तो पूल शाबूत हाती घेतला. दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गच्या मोर्चांवर हल्ला केला. मग वाट मोकळी झाली. सकाळी नऊ वाजता चिलखती दल जळकोटला होते आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात, म्हणजे हद्दीच्या ६१ किलोमीटर आत.

त्याच पहाटे दुसरी तुकडी तुळजापूरला पोहोचली होती. तेथे हैदराबाद इन्फन्ट्रीची एक तुकडी आणि सुमारे २०० रझाकार दोन तास लढले व शरण आले. तुळजापूर हाती आले. पुढचे लक्ष्य लोहारा. पण वाटेतली नदी फुगलेली होती आणि तुकडीची पुढची चाल खोळंबली. या तुकडीत रणगाडे होते, तोफा होत्या, इंजिनिअरांची एक कंपनीही होती.

एकाच दिवसाच्या या दोन चित्रांत मोटारयुगातील युद्धाचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. पूल असेल तर सैन्य दिवसाला साठ किलोमीटर जाते. पूल नसेल तर? होड्या आहेत, होड्यांना जोडायची इंजिने आहेत. मग सेनापती पुलासाठी एवढे जिवावर उदार का होतात? हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे, आणि उत्तर एका फार लहान जागेत सापडते. ती जागा अर्ध्या मिलिमीटरहून किंचित रुंद असते.

१९४८ च्या या कारवाईत सोलापूर बाजूच्या मुख्य फौजेचे नेतृत्व मेजर जनरल जयंतनाथ चौधरी करीत होते. पुढे हेच हैदराबादचे लष्करी प्रशासक आणि नंतर भारताचे लष्करप्रमुख झाले. साडेतीन वर्षांपूर्वी मात्र ते ब्रह्मदेशात होते. सोळाव्या लाइट कॅव्हलरीचे प्रमुख म्हणून ते २५५ व्या टँक ब्रिगेडबरोबर लढले आणि त्या ब्रिगेडचा मार्ग न्यांगऊ येथे इरावती नदी ओलांडून मेकटिलाकडे जात होता. न्यांगऊच्या पहिल्या सकाळी जे घडले, ते पाहिल्याशिवाय शाबूत पुलाची किंमत कळत नाही.

फेब्रुवारी १९४५. स्लिमच्या चौदाव्या सैन्याला मंडालेच्या दक्षिणेकडून जपान्यांच्या पाठीवर घाव घालायचा होता. त्यासाठी इरावती ओलांडणे भाग होते. ठिकाण ठरले न्यांगऊ. काम सोपवले गेले सातव्या भारतीय डिव्हिजनकडे. उन्हाळ्याकडे झुकलेली नदी, मध्ये वाळूची बेटे, त्यामुळे सरळ रेषेत जाता येत नव्हते. तिरपा मार्ग धरला तर पाण्यावरचे अंतर दीड-दोन किलोमीटरच्या घरात जात होते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या माऱ्याखाली इतक्या लांबीचे नदी-उल्लंघन दुसरे झाले नाही, असे स्लिमने पुढे लिहिले.

पलीकडच्या काठावर कोण होते, हे मराठी वाचकाने विसरू नये. जपानी तुकड्यांबरोबर तेथे आझाद हिंद सेनेची नेहरू ब्रिगेड होती आणि तिचे प्रमुख होते गुरुबक्षसिंग धिल्लों. लाल किल्ल्यातील पहिल्या खटल्यातले धिल्लों ते हेच. नदीच्या दोन्ही काठांवर भारतीय होते. इतिहासाचा हा भाग स्वतंत्र धाग्याच्या योग्यतेचा आहे.

१३-१४ फेब्रुवारीच्या रात्री दक्षिण लँकशायर रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीची एक कंपनी अंधारात वल्हवत निघाली. इंजिन नाही, आवाज नाही. ती कंपनी पहाटेपूर्वी पलीकडे पोहोचली आणि काठावरच्या कड्यांवर चढली. येथपर्यंत सारे योजनेप्रमाणे झाले. उरलेल्या पलटणीने मागोमाग इंजिनाच्या होड्यांतून जायचे होते.

त्या होड्यांनी घात केला. काहींच्या तळातून पाणी येऊ लागले. इंजिनांच्या दोऱ्या ओढल्या जात होत्या, पण कित्येक इंजिने सुरूच होईनात. काही सुरू होऊन मध्येच बंद पडली. होड्यांचा क्रम विस्कटला, जी कंपनी मागे राहायची ती पुढे गेली. उजाडले. प्रवाह होड्यांना खाली खेचू लागला आणि समोरच्या कड्यांवरून मशीनगनांनी मारा सुरू केला. मधल्या पात्रात बंद इंजिनाची होडी म्हणजे उघड्यावर ठेवलेले लक्ष्य. अधिकारी पडले, शिपाई पडले, उरलेल्या होड्या मागे वळल्या. पलीकडे पोहोचलेली कंपनी तेथे एकटी राहिली.

डाव सावरला तो सकाळी उशिरा. चौथ्या पंधराव्या पंजाब पलटणीने तोफखाना, रणगाडे आणि विमाने यांच्या आच्छादनाखाली नदी ओलांडली. संध्याकाळपर्यंत पाय रोवले गेले. २१ फेब्रुवारीला या काठावरूनच सतरावी डिव्हिजन आणि २५५ वी टँक ब्रिगेड मेकटिलाकडे सुटल्या आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते शहर पडले. ब्रह्मदेशातील जपानी सैन्याचा कणा तेथे मोडला.

सामरिक इतिहासाची पुस्तके त्या सकाळविषयी लिहिताना ‘इंजिने सुरू झाली नाहीत’ एवढ्या वाक्यावर थांबतात. तोफेचा व्यास, रणगाड्याच्या पत्र्याची जाडी यांवर पानेच्या पाने येतात. ज्या दोषाने होड्या प्रवाहात सोडल्या, त्याच्या वाट्याला अर्धी ओळ. हा अन्याय आहे. त्या अर्ध्या ओळीच्या आत चाळीस वर्षांचा तंत्रइतिहास आहे.

होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर. वर इंजिन, मध्ये उभा दांडा, खाली पंखा. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याने १९०६ च्या सुमारास असे इंजिन बाजारात आणले. ते लोकप्रिय केले नॉर्वेत जन्मलेल्या आणि मिलवॉकी येथे कारखाना काढणाऱ्या ओले एव्हिनरूड याने, १९०९ पासून. भर उन्हात वाग्दत्त वधूसाठी आइस्क्रीम आणायला तळ्यापलीकडे वल्हवत जावे लागले आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी त्याची कथा सांगतात. कथा गोड आहे, म्हणूनच टिकली असावी.

कोणत्याही पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले इंधन, दाब आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. पहिल्या दोन गोष्टी यंत्रकारांनी लवकर साध्य केल्या. तिसरीने त्यांना रडवले. आरंभीच्या मोटारगाड्यांत तापवून लाल केलेली नळी वापरीत. नंतर बॅटरी आणि थरथरणारी कॉईल आली. एव्हिनरूडच्या पहिल्या इंजिनांनाही कोरड्या बॅटऱ्याच होत्या. होडीत बॅटरी म्हणजे पाण्याशी वैर. ती भिजे, उतरे, आणि तिचे ओझे वेगळेच.

सुटका केली ती मॅग्नेटोने. जर्मनीत श्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश याच्या कारखान्याने १८९७ मध्ये मॅग्नेटो मोटार वाहनाला जोडून दाखवला. १९०२ मध्ये त्याचाच अभियंता गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग सिद्ध केला. बॅटरीची गरजच उरली नाही. इंजिन फिरते, त्याबरोबर चुंबक फिरतो आणि ठिणगी स्वतःच तयार होते.

या लहानशा यंत्राचे राजकीय मोलही लवकरच कळले. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटनच्या ध्यानात आले की आपल्या लॉऱ्या, मोटारसायकली आणि विमाने यांचे मॅग्नेटो बहुतांशी शत्रूच्या देशातून, बॉशकडूनच, येत होते. साम्राज्य जगभर पसरलेले आणि ठिणगी मात्र श्टुटगार्टची! बर्मिंगहॅममधील कारखान्यांना हे काम घाईघाईने वाढवावे लागले.

आउटबोर्ड मोटरमध्ये हा मॅग्नेटो फ्लायव्हीलच्या पोटात बसवला गेला. पुढचे सारे समजण्यासाठी त्याची रचना पाहणे आवश्यक आहे. वर जड चाक, त्याच्या आतल्या कडेला चुंबक. चाकाखाली स्थिर पट्टीवर एक कॉईल. कॉईलमध्ये दोन वेटोळी: एक जाड तारेचे, थोड्या फेऱ्यांचे; दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, हजारो फेऱ्यांचे. चुंबक कॉईलसमोरून गेला की जाड तारेत प्रवाह वाहतो. तो प्रवाह दोन छोट्या धातूच्या टोकांमधून जातो. मराठी गॅरेजांत त्यांना नुसते ‘पॉइंट’ म्हणतात.

आता खरी गंमत. ठिणगी प्रवाह सुरू झाल्यामुळे पडत नाही, तो अचानक तुटल्यामुळे पडते. दांड्यावरचा उंचवटा ठरलेल्या क्षणी पॉइंट उघडतो, जाड तारेतला प्रवाह तुटतो, त्याचे चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब उसळतो. त्याला वाट एकच, प्लगच्या टोकांमधली फट. तेथे ठिणगी उडते. प्रवाह जितका झटक्यात तुटेल तितकी ठिणगी जोरदार. हा झटका राखण्याचे काम पॉइंटला जोडलेला कंडेन्सर करतो. तो नसेल तर पॉइंटमध्येच ठिणग्या उडून प्रवाह रेंगाळतो आणि प्लगपर्यंत काही पोहोचत नाही.

पॉइंटची फट साधारण अर्धा मिलिमीटर, प्लगची त्याहून थोडी अधिक. एका मिनिटाला चार हजार फेरे घेणाऱ्या दोन-आघाती इंजिनात प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला चार हजार ठिणग्या लागतात. म्हणजे पलटणीचे भवितव्य ठरवणारी वस्तू नखाच्या जाडीएवढी होती, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

मॅग्नेटोचा एक स्वभावदोष मात्र जन्मजात आहे आणि इरावतीच्या संदर्भात तोच महत्त्वाचा. चुंबक जितका वेगाने फिरेल तितकी ठिणगी जोरदार. म्हणजे इंजिन पळत असताना ठिणगी उत्तम आणि सुरू करताना सर्वांत दुबळी. सुरू करताना वेग येतो तो माणसाच्या हातातून. फ्लायव्हीलवरच्या खाचेत दोरी गुंडाळायची आणि झटक्याने ओढायची. यंत्रणेत कोठेही किरकोळ उणीव असेल, तर ती पळत्या इंजिनात लपते आणि दोरी ओढताना उघडी पडते. अंधारात, डुगडुगत्या होडीत, सामानाने लादलेल्या शिपायांच्या गर्दीत दोरी ओढणाऱ्या हाताला पुरेसा वेग मिळणे किती कठीण, याची कल्पना करता येईल.

त्यात दुसरा फास. दोरी ओढली आणि ठिणगी पडली नाही, तर इंधन मात्र सिलिंडरमध्ये गेलेलेच असते. दोन-आघाती इंजिनात पेट्रोलमध्ये वंगणाचे तेल मिसळलेले असते. दहा-बारा वेळा दोरी ओढली की प्लग पेट्रोल-तेलाने ओलाचिंब होतो. मग मूळ दोष दूर झाला तरी ओल्या प्लगवर ठिणगी पडत नाही. घाबरून अधिक दोरी ओढावी, तर रोग अधिक बळावतो. न्यांगऊच्या सकाळी मशीनगनांच्या आवाजात दोरी ओढणाऱ्या कोणाला ‘थांब, प्लग काढून पूस’ असे सांगणे सोपे नव्हते.

शांत काठावर जाणकार मेकॅनिक काय करीत असे? त्याची रीत वैद्यासारखी होती: बाहेरून आत, सोप्याकडून अवघडाकडे. प्रथम प्लग काढून पाहायचा. कोरडा असेल तर ठिणगीला दोष देऊ नये. इंधनच येत नाही. ओला असेल तर इंधन आहे, ठिणगी नाही. काळ्या काजळीने माखलेला प्लग तेल जास्त झाल्याचे सांगतो. एका प्लगच्या रंगावरून निम्मे निदान होते.

मग प्लग पुसून, तार जोडून, त्याचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवायचे आणि दोरी ओढायची. पेट्रोलने माखलेल्या इंजिनाजवळ ठिणगी पाडायची, म्हणून आधी सांडलेले इंधन पुसून टाकावे लागे. ठिणगी सावलीत पाहावी लागते. निळसर, चटचट आवाज करणारी ठिणगी म्हणजे मॅग्नेटो ठीक. पिवळट, बारीक, कधी पडणारी, कधी न पडणारी ठिणगी म्हणजे आजार आत आहे. आजही मराठी मेकॅनिक ‘करंट येतो का बघ’ म्हणून हीच तपासणी करतो.

ठिणगी नसेल तर प्लगपर्यंतची जाड तार. तिच्या वेष्टनाला चीर गेली की हजारो व्होल्ट प्लगपर्यंत न जाता जवळच्या धातूत उतरतात. गडद अंधारात अशी गळती डोळ्यांना दिसते, तारेवर निळी रेघ चमकते. इंजिन बंद करण्याच्या बटणाची तारही संशयित, कारण ते बटण प्रवाह जमिनीत सोडूनच इंजिन थांबवते. त्या तारेचे आवरण घासून ती धातूला चिकटली तर इंजिन कायमचे ‘बंद’ स्थितीत राहते. तास-तास घाम गाळल्यावर हा क्षुल्लक दोष सापडला की मेकॅनिक हसावे की रडावे या विचारात पडत असे.

त्यानंतर पॉइंट. यासाठी फ्लायव्हीलच्या खाली पोहोचावे लागते. कित्येक इंजिनांत चाकाला एक छोटी खिडकी ठेवलेली असे, कारण बनवणाऱ्यांनाही ठाऊक होते की येथेच पुनःपुन्हा यावे लागणार. पॉइंटवर तेलाची साय धरते, धूळ बसते, पडून राहिल्यास गंज चढतो. बारीक कानस किंवा पॉलिश पेपर, मग कोरडे फडके, मग पात्याच्या मापाने फट तपासणे. चौथ्या कोअरची वाहने आणि साहित्य ज्या वाटेने इरावतीपर्यंत आले, ती मेयिट्टा खोऱ्यातील शेकडो किलोमीटरची धुळीची वाट होती. अशा प्रवासानंतर होडीवर चढवलेल्या जुन्या, वापरून झिजलेल्या इंजिनाच्या पॉइंटची अवस्था काय असेल, हे वेगळे सांगायला नको.

पॉइंट स्वच्छ करूनही त्यांवर खड्डे पडत राहिले, ठिणगी पिवळीच राहिली, तर कंडेन्सर गेला. तो दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. कॉईलची खोड याहून चमत्कारिक. आतल्या केसासारख्या तारेचे आवरण जुने झाले की इंजिन थंड असताना उत्तम चालते, तापले की मरते, आणि निवले की पुन्हा जिवंत होते. काठावरच्या चाचणीत पास होणारे आणि मध्य पात्रात दगा देणारे इंजिन हे बहुधा याच जातीचे.

शेवटचा दोष सर्वांत फसवा. फ्लायव्हील दांड्यावर एका छोट्या चावीने अडकवलेले असते. ती चावी तुटली की चाक किंचित सरकते. ठिणगी पडते, छान निळी पडते, पण चुकीच्या वेळी. इंजिन उलटा झटका देऊन दोरी हातातून हिसकावते. सगळे भाग चांगले आणि इंजिन तरी बंद.

ही झाली काठावरची तपासणी. पाऊस आला की मात्र हे सारे ज्ञान लंगडे पडते. ओल्या चिनी मातीवरून, ओल्या तारेवरून उच्च दाबाचा प्रवाह पृष्ठभागानेच निसटतो. याचा दाखला इरावतीच्या पाच महिने आधी युरोपात मिळाला होता. २५-२६ सप्टेंबर १९४४ च्या रात्री अर्न्हेमजवळ वेढल्या गेलेल्या ब्रिटिश हवाई सैनिकांना ऱ्हाइनच्या पात्रातून मागे आणायचे होते. कॅनडाच्या २३ व्या फील्ड कंपनीने प्लायवूडच्या ‘स्टॉर्म’ होड्या आणि आउटबोर्ड मोटरी आणल्या. त्या रात्री धो-धो पाऊस होता. त्याने आवाज आणि हालचाल झाकली, म्हणून तो वरदान ठरला. आणि त्यानेच मोटरी भिजवून बंद पाडल्या, म्हणून शापही. मोटरी अडखळत राहिल्या, इंजिनिअर रात्रभर झगडत राहिले. पहाटेपर्यंत सुमारे २४०० माणसे अलीकडे आली. जी पलीकडे राहिली त्यांच्या वाट्याला बहुधा कैद आली.

न्यांगऊ आणि अर्न्हेम यांत एक फरक आहे आणि तो लक्षात घेण्याजोगा आहे. अर्न्हेमला फेऱ्या पुष्कळ होत्या. एक मोटर रुसली तर दुसरी होती, दुरुस्तीला रात्र होती. न्यांगऊला सगळ्या होड्यांनी एकाच वेळी, एका क्रमाने, उजाडण्यापूर्वी जायचे होते. शंभरातली वीस इंजिने बिघडली तर वीस टक्के नुकसान, असा हिशेब अशा योजनेत चालत नाही. क्रम मोडला की सारी योजनाच मोडते. म्हणून न्यांगऊच्या अपयशाचे खापर एकट्या दोरी ओढणाऱ्यांवर फोडणे अन्यायाचे होईल. दुबळ्या ठिणगीवर इतका ताठर बेत उभारणाऱ्यांचाही त्यात वाटा होता. स्लिमच्या सैन्याला नदी-उल्लंघनाचे साहित्य फार अपुरे मिळाले होते, ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे.

आता १९४८ च्या बोरीकाठी परत या. ज्यांनी ब्रह्मदेशातील नद्या पाहिल्या होत्या अशा अधिकाऱ्यांच्या पिढीच्या हाती ही मोहीम होती. नळदुर्गचा पूल उडवला गेला असता, तर फुगलेल्या पात्रापुढे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे सगळे चिलखती दल लोहाऱ्याच्या वाटेवरील तुकडीसारखे उभे राहिले असते. तसे झाले नाही. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवली.

ठिणगीचे पुढे काय झाले? मराठी मुलखात तिला दोन वेगवेगळ्या वाटा फुटल्या. कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्यांना यंत्रे आली ती मुख्यतः होडीच्या आत बसवलेली डिझेल इंजिने. डिझेलला प्लग नाही, पॉइंट नाही, मॅग्नेटो नाही. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. खाऱ्या पाण्यात ठिणगी सांभाळण्याचा प्रश्न तेथे सोडवण्यापेक्षा टाळला गेला, आणि हा निर्णय शहाणपणाचा होता. मराठवाड्याच्या विहिरींवरही डिझेलचेच इंजिन धडधडले. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली ती पुण्याच्या खडकीत, ज्या खडकीत बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांचे केंद्र आहे.

दुसरी वाट रस्त्यावरची. १९७२ मध्ये फिरोदियांची लूना आली. तिच्या चाकाच्या पोटात तोच फ्लायव्हील मॅग्नेटो, तेच पॉइंट, तोच कंडेन्सर. पावसाळ्यात लूना किंवा जुनी स्कूटर बंद पडली की प्लग काढायचा, पुसायचा, फुंकायचा आणि पुन्हा बसवायचा, हे ज्ञान महाराष्ट्रातल्या एका संपूर्ण पिढीला कोणत्याही पुस्तकाविना होते. घरातील आजोबांना विचारले तर पॉइंटची फट ते आजही बोटांनी दाखवतील.

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून आउटबोर्ड मोटरींत इलेक्ट्रॉनिक इग्निशन शिरू लागले. कंडेन्सरमध्ये साठवलेली वीज अर्धसंवाहकाच्या कळीने एका क्षणात सोडायची, म्हणजे घासणारे, गंजणारे पॉइंटच नकोत. हळूहळू कळ यंत्राच्या आत गेली आणि कानस पेटीत राहिली. जुन्या सीगल किंवा एव्हिनरूड मोटरी जतन करणारे छंदिष्ट जगात आजही आहेत, आणि त्यांची तपासणी अजून त्याच क्रमाने चालते: प्लग, तार, बटण, पॉइंट, कंडेन्सर, कॉईल, चावी.

सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. परंडा आणि भूम तालुक्यांत नद्यांचे पाणी गावांत शिरले, माणसे छपरांवर अडकली, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या होड्या आणि लष्कराची हेलिकॉप्टरे आली. त्या दलाच्या रबरी होड्यांच्या मागे आउटबोर्ड मोटर असते. जवान तिला ‘ओबीएम’ म्हणतात. तिच्यात पॉइंट नाहीत. पण प्लग आहे, तार आहे, आणि प्लग अजूनही ओला होतो. होडीच्या आत, हाताला येईल अशा जागी, वल्ही ठेवलेली असतात.